शिडाच्या कापडावरचा चेहरा

आमच्या घरात माझ्या वडिलांचा फोटो नव्हता. यात विशेष काही नाही. देवबागात त्या काळी फोटो असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकीच होती. वडील शिडाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. पावसाळा सरला की कौलं, मीठ, नारळ भरून मंगळूर ते मुंबई खेपा करायचे आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर घरी यायचे. वर्षातले आठ महिने समुद्रावर असणाऱ्या माणसाला कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसायला कोण सांगणार? ते वारले तेव्हा त्यांचा चेहरा फक्त माणसांच्या डोक्यात उरला होता. आणि ज्याच्या डोक्यात तो सगळ्यात नीट असायला हवा होता तो त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे मी, मुंबईच्या कलाशाळेत चेहरे काढायला शिकत होतो.

श्रावणात गेले ते. तापाने, पाचसहा दिवसांत. पावसाळ्यात बोटी बंद असायच्या, त्यामुळे मी आगगाडीने कोल्हापूरला गेलो, तिथून एस.टी.ने घाट उतरलो, वैभववाडीच्या पुढे रस्त्यावर माती आली म्हणून अर्धा दिवस बसून राहिलो आणि चिखलाने माखून घरी पोचलो, तेव्हा काकांनी अग्नी देऊन तिसरा दिवस होता. लोक म्हणाले, बिचाऱ्याला पावसाने अडवलं. मीही तसंच म्हणत राहिलो. खरी गोष्ट अशी की 'वडील गंभीर आजारी' ही तार माझ्या हातात आली त्या दिवशी मी निघालोच नव्हतो. शाळेच्या वार्षिक प्रदर्शनाला एक चित्र द्यायचं होतं आणि त्याचा रंग वाळत नव्हता. मी रंग वाळायची वाट बघत बसलो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि आता ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतलं कोणी उरलेलंही नाही.

तेराव्याला पाहुणे पांगले तशी आई माझ्यासमोर येऊन बसली. रडून तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "तू थंय तोंडाच काढूक शिकतंस मा? मगे तेंचा एक काढ. वर्षाच्या आदी भिंतीर होया."

मी हो म्हटलं. त्यात मला काय अवघड वाटणार? दोन वर्षांत मी शेकड्याने चेहरे काढले होते.

आमच्याकडे मेलेल्या माणसाचं चित्र काढायची एक पद्धत होती, ती सांगायला हवी. मालवणात एक फोटोवाला होता. त्याच्याकडे लोक फोटो नसलेले मेलेले घेऊन जायचे, म्हणजे त्यांच्या आठवणी घेऊन. तो विचारायचा, नाक कोणासारखं होतं? कपाळ कोणावर गेलं होतं? मग ज्याचं नाक तसं असेल त्याला बोलावून बसवायचा, कपाळासाठी दुसऱ्याला, हनुवटीसाठी तिसऱ्याला. भाऊ, बहीण, आतेभाऊ, असे चारपाच जिवंत नातेवाईक आळीपाळीने बसले की त्यांतून एक मेलेला तयार व्हायचा. शेवटी घरातली सगळ्यात म्हातारी बाई येऊन 'हां, हेच ते' म्हणाली की चित्र चौकटीत जायचं. मी कलाशाळेत जाऊन शेफारलो होतो. मुंबईच्या मित्रांना ही पद्धत सांगून मी खूप हसवलं होतं.

आता आईने तेच माझ्या डोक्यावर आणून बसवलं. पुढच्या मे महिन्यात मी बोटीने घरी आलो तेव्हा तिने सगळी माणसं सांगून ठेवली होती. सकाळी घरापुढच्या खळ्यात, माडाच्या सावलीत, पाट मांडलेला. नाकासाठी काका. डोळ्यांसाठी तारकर्लीहून आत्या, ती डोक्यात अबोलीचा वळेसर घालून आली होती, जणू तिचंच चित्र काढायचं होतं. कपाळ माझंच वडिलांसारखं आहे असं सर्वानुमते ठरलं, म्हणून एक आरसाही आणून ठेवला होता.

काका धुतलेला सदरा घालून दोन तास हलले नाहीत. आमच्या घराण्याचं नाक चित्रात जाणार म्हणून बसल्या जागी ते नाकपुड्या रुंद करत होते. मी म्हटलं, "काकानूं, जरा सैल सोडा."

"आमच्या घराण्याचा नाक ह्या असाच," ते म्हणाले. "तू सरळ काढ."

मी काढत गेलो. नाक काढलं, डोळे काढले, आरशात बघून कपाळ काढलं, आणि कागदावर जो माणूस उमटला त्याला आमच्यापैकी कोणीही कधी बघितलं नव्हतं. आत्या म्हणाली, गाल आत गेलेत. काका म्हणाले, नाक तेवढं बरोबर आहे. मी दुसरा कागद घेतला, तिसरा घेतला. संध्याकाळपर्यंत सात परकी माणसं काढली आणि सातही फाडली.

चिडलो मी त्या दिवशी. नातेवाइकांवर चिडलो, त्यांच्या अडाणीपणावर चिडलो. पण मला खरी चीड आली होती ती वेगळ्याच गोष्टीची. ते सगळे 'गाल असे नव्हते', 'भुवई अशी नव्हती' असं खात्रीने सांगत होते, आणि मला काहीच सांगता येत नव्हतं. माझ्या वडिलांचा चेहरा मला आठवत नव्हता.

आठवायचं ते एवढंच: पावसाच्या आधी मचवा खाडीत शिरायचा, मी काठावर उभा असायचो, ते डोलकाठीजवळ उभे असायचे आणि त्यांच्या पाठीमागे सूर्य असायचा. एक काळसर आकार आणि कडेने उजेड. मग ते उतरायचे, माझ्या डोक्यावर हात ठेवायचे, आणि मी त्यांच्या कमरेएवढाच असल्यामुळे मला त्यांच्या मिठाने पांढरे पडलेले हात दिसायचे. हात मी आजही काढून दाखवीन.

आता हे आईला कसं सांगणार? एकुलता एक मुलगा, त्यातून चित्रकार, आणि बापाचं तोंड आठवत नाही! मला लाज वाटली, म्हणून मी आधुनिक झालो. माझ्या आधुनिकतेचं एवढंच मूळ आहे, बाकी जे काही मी पुढे बोललो ते वरून लावलेलं रंगरोगण.

कलाशाळेत तेव्हा हवाच तशी होती. आमचे एक शिक्षक सांगायचे, चेहरा म्हणजे माणूस नव्हे, चेहरा म्हणजे आकार. त्याला नाव दिलंत की बघणारा नाव वाचतो आणि चित्र बघायचं सोडून देतो. म्हणून आम्ही सगळे नाव नसलेली चित्रं काढायचो. डोळ्यांच्या जागी खाचा, तोंडाच्या जागी आडवी रेघ, आणि खाली इंग्रजीत 'अनटायटल्ड'. वर्गातल्या पंधरा जणांच्या पंधरा चित्रांचं नाव तेच. आम्हाला त्यात मोठं धाडस वाटायचं. बारसं करायचं टाळलं की बाप होण्याची जबाबदारीही टळते, हे तेव्हा कळायचं वय नव्हतं.

तर मी आईला म्हटलं, मी माझ्या पद्धतीने काढतो. तिने माळ्यावरून वडिलांच्या मचव्याचं जुनं शीड काढून दिलं. मचवा त्यांच्यामागे विकला होता, पण हे एक फाटकं शीड राहिलं होतं. मी त्यातला बरा तुकडा कापला, आईने त्याच्या कडा दुमडून शिवल्या. सरस आणि खडू लावून मी तो ताणला आणि चार दिवसांत चित्र संपवलं. मातकट रंगाची पार्श्वभूमी, मधोमध गडद लांबट आकार, एका कडेला उजेडाची पट्टी. डोळे नाहीत, नाक नाही.

आई हात पुसत आली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "डोळे मगे काढतलंस?"

"नाय गे आये. झालां ता."

"झालां?"

"असाच असता ता आता. मुंबैत असाच काढतत."

ती "बरां" म्हणाली आणि चुलीकडे गेली. मला हायसं वाटलं.

वर्षश्राद्धाला मी पुन्हा घाट उतरून आलो. चित्र चौकटीत घालून माजघराच्या भिंतीवर लावलं होतं. भटजी यायच्या आधी काका त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"हो कोण? हो माझो भाऊस?" ते म्हणाले. "मी दोन तास नाक घेऊन बसलंय, ता नाक खंय गेला?"

माणसं हसली. श्राद्धाच्या दिवशी, वडिलांच्या चित्राकडे बघून, माझ्या घरात माणसं हसली. मी मान खाली घातली. तेवढ्यात आई सहाण घेऊन बाहेर आली. चंदनात चिमूटभर हळद घालून तिने गंध उगाळलं होतं. ती चित्राजवळ गेली, आणि जिथे कपाळ आहे असं मी स्वतः सांगू शकलो नसतो त्या जागी, जराही न चाचपडता, तिने अनामिकेने गंध लावलं.

"आसांदे," ती काकांना म्हणाली. "माझ्या झिलान काढल्यान हा. माका दिसतत ते."

काकांचं हसणं थांबलं. त्या दिवसापासून माझे वडील भिंतीवर होते.

पुढची दोन वर्षं ती रोज सकाळी अंघोळ करून त्यांना गंध लावत असे. त्याच जागी, त्याच बोटाने. आधीचं पुसायची नाही, त्यावरच लावायची. शिवाय चित्राखाली कोनाड्यात दिवा, त्याची काजळी. मी सुटीत यायचो तेव्हा ती त्यांच्याशी बोलताना ऐकू यायची. खाडीत मासळी पडली, माडावर उंदीर लागलाय, झील आला आहे. मला ते अवघडल्यासारखं व्हायचं. मी बाहेर वाळूत जाऊन विडी ओढायचो.

मग एका मे महिन्यात मुंबईहून माझा एक चित्रकार मित्र माझ्याबरोबर आला. माझ्यापेक्षा वयाने मोठा, नाव झालेला. त्याला समुद्र बघायचा होता आणि आईच्या हातची तिखट आमटी खायची होती. माजघरात पाऊल टाकल्या टाकल्या तो चित्रासमोर थबकला. जवळ गेला, लांब गेला, पुन्हा जवळ गेला.

"हे तू कधी केलंस?" त्याने विचारलं. "आणि हा पिवळा? हा थर कसला आहे? वाळून तडे गेलेत बघ, आणि वरून हा धूर. तुझ्या सगळ्या कामात हे एकच काम खरं आहे."

दोन वर्षांपूर्वी ते चित्र भिंतीवर गेलं तेव्हा त्यात काही नव्हतं, हे मला माहीत होतं. जे झालं होतं ते आईच्या बोटाने झालं होतं. मी मित्राला एवढंच म्हटलं की आईने जरा गंध लावलंय. तो म्हणाला, मग तर फारच उत्तम, पुसू नकोस.

आषाढात मुंबईत आमच्या पाच जणांचं प्रदर्शन होणार होतं. मी आईकडे चित्र मागितलं.

ती घाबरली. "तेंका? मुंबैक?"

"लोक बघतले गे. मोठे मोठे लोक. दिवाळेक परत आणतंय."

तिने दोन दिवस उत्तर दिलं नाही. मला वाटतं, ती चित्राला विचारत असावी. तिसऱ्या दिवशी तिने आपलं एक मऊ जुनं लुगडं काढलं आणि चौकटीला गुंडाळलं. वडील खेपेला निघायचे तेव्हा जे जे करायची ते सगळं तिने केलं. हातावर दही, खाडीत नारळ. होडीतून मालवणच्या बंदरापर्यंत आली. तेव्हा बोट लांब उभी राहायची आणि पडावातून, लहान होडीतून, माणसं तिच्यापर्यंत न्यायचे. मी पडावात चढताना तिने बजावलं, "उलटे धरू नको तेंका." मग लुगड्यावर हात ठेवून म्हणाली, "दिवाळेक येवा." हे मला नव्हतं.

बोटीवर मी ते चित्र सामानाच्या ढिगात ठेवलं आणि डेकवर पत्ते खेळायला बसलो.

प्रदर्शन झालं. पाच जणांच्या तीसेक चित्रांत लोक त्या एका चित्रासमोर थांबत होते. एका इंग्रजी वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यात कपाळावरच्या त्या पिवळ्या ठिपक्याचं कौतुक होतं. रंग लावण्यातला आत्मविश्वास की असंच काहीतरी. मी ते कात्रण कितीतरी दिवस खिशात घेऊन हिंडलो.

चौथ्या दिवशी एक परदेशी जोडपं आलं. नवरा कुठल्याशा कंपनीत होता. बाई चित्रासमोर उभी राहिली, बराच वेळ उभी राहिली, आणि मग माझ्याकडे वळून तिने साध्या इंग्रजीत विचारलं, "हा कोण आहे?"

आजही हा प्रश्न मला तिच्या आवाजात ऐकू येतो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या जिभेवर उत्तर होतं: हे माझे वडील, मचव्यावर तांडेल होते, हे त्यांच्याच शिडाचं कापड आहे. पण माझा तो नाव झालेला मित्र बाजूला उभा होता. खाली पाटीवर 'अनटायटल्ड' लिहिलं होतं. वडील, श्राद्ध, गंध हे सगळं त्या पांढऱ्या भिंतींपुढे मला फार गावंढळ वाटलं.

"कोणी नाही," मी म्हणालो. "नुसता चेहरा."

"आणि हा पिवळा रंग?"

"बोटाने लावलाय."

कोणाच्या बोटाने, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिने चित्र विकत घेतलं. मी आनंदाने तिच्याशी हात मिळवला. चित्र विकलं जाऊ नये असं मला त्या क्षणी वाटलं होतं, असं लिहायला मला फार आवडलं असतं, पण तसं काही वाटलं नाही. आईला काय सांगायचं ते दिवाळीपर्यंत सुचेल, एवढाच विचार केला आणि मित्रांबरोबर इराण्याकडे जाऊन खिमापाव खाल्ला.

त्या वर्षी श्राद्धाला मी गेलो नाही. प्रदर्शनाची आवराआवर आहे असं कळवलं. काकांनी माझ्याऐवजी सगळं केलं, आणि नंतर त्यांचं पत्र आलं. बोलताना मालवणी बोलणारे काका पत्रात कचेरीतल्यासारखं लिहायचे. त्यांनी लिहिलं होतं: 'कावळा शिवला नाही. तीन वाजेपर्यंत सर्व मंडळी उपाशी बसली. मासळीचे, शेताचे, तुझ्या लग्नाचे, सर्व काही बोलून पाहिले. अखेरीस वहिनी पुढे झाल्या व म्हणाल्या की तुम्हास दिवाळीस घरी आणीन. तेव्हा कावळा आला. तरी चित्र घेऊन येण्यात कसूर करू नये. मेलेल्या माणसास शब्द दिलेला आहे.'

पत्र मी दोनदा वाचलं. मी त्याच दिवशी प्रदर्शनाच्या जागी धावत गेलो. तिथल्या कारकुनाने वही उघडून बघितली आणि म्हणाला, ते जोडपं मायदेशी गेलं, नवऱ्याच्या इथल्या नोकरीची मुदत संपली होती. सगळं सामान बोटीने रवाना झालं. पत्ता? पत्ता त्याच्याकडे नव्हता. त्याच्याकडून कंपनीचं नाव घेऊन तिथे विचारायला गेलो तर दारावरच्या माणसाने माझ्या चपलांकडे बघून मला आत सोडलं नाही. वहीत विकत घेणाऱ्याच्या रकान्यात एक आडनाव होतं, त्याचा उच्चारही मला धड येत नव्हता. चित्राच्या रकान्यात तर काहीच नव्हतं, ती माझीच करणी.

दिवाळीला मी रिकाम्या हाताने बोटीतून उतरलो. आई बंदरावर आली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या बगलेकडे बघितलं, मग हमालाच्या डोक्याकडे बघितलं. आम्ही होडीत बसलो.

मी आधीच तयार केलेलं सगळं सांगून टाकलं. एका फार मोठ्या घरातल्या माणसांनी चित्र मागून घेतलं. त्यांना सोडवेना. चांगली माणसं आहेत, नाही म्हणता आलं नाही.

"तेंका सांगितलंस मा, ते कोण ते?"

"सांगितलंय."

"नाव सांगितलंस?"

"नाव सांगितलंय, मचव्याचा सांगितलंय, सगळा."

"आणि श्राद्धाची तीथ?"

"ती लिवन दिलंय."

होडीवाला वल्हं मारत होता, मी पाण्याकडे बघत होतो. ती पुढे विचारत गेली. फूल घालतात? घालतात. पान वाढतील? वाढतील. मग तिने विचारलं, "मासे खातत ती माणसा?"

"खातत."

"मगे बरां," ती म्हणाली. "सोवळ्यातल्या घरात तेंचो जीव रमूचो नाय."

घरी आल्यावर काकांनी नवीन चित्र काढायचा विषय काढला. आई नको म्हणाली. एक माणूस दोन घरांत कसा राहील? श्राद्धाचं पानही तिने बंद केलं, कारण ते आता त्या घरात वाढलं जात होतं. काका तिच्याशी भांडले, भटजींनी समजावलं, पण तिने ऐकलं नाही. माझ्या एका खोट्याने माझे वडील स्वतःच्या घरी जेवायचे थांबले. मी एका शब्दाने ते पुन्हा सुरू करू शकलो असतो. तो शब्द काढायची माझी छाती झाली नाही, आणि दर वर्षी ती कमी कमीच होत गेली.

मुंबईत माझं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. मी चेहरे काढत राहिलो. सगळे बिनडोळ्यांचे, सगळे बिननावाचे, आणि आता प्रत्येकाच्या कपाळावर पिवळा ठिपका. मी तो स्वतःच्या बोटाने लावायचो. चंदनही उगाळून बघितलं, दिव्याची काजळीही धरली. वीसेक चित्रं झाली आणि वीसही मेलेली. त्याच इंग्रजी वर्तमानपत्राने लिहिलं की हा चित्रकार एकच युक्ती पुन्हा पुन्हा वापरतो. नाव झालेल्या मित्राने भेटणं कमी केलं. गोवा पोर्तुगीजांकडून सुटला त्याच्या पुढच्या वर्षी मी गाशा गुंडाळला आणि मालवणजवळच्या कट्टा गावच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो. आंबा काढा, तांब्या काढा, पंधरा ऑगस्टचा झेंडा काढा. पोरं चित्राखाली मोठ्या अक्षरांत 'आंबा' लिहायची, आणि मी त्यांना कधी अडवलं नाही.

शनिवारी शाळा सुटली की एस.टी.ने मालवण आणि तिथून देवबाग. आई दर श्रावणात एकदा तरी विषय काढायची. त्या घरच्या माणसांचं पत्र आलं काय? आलं, मी सांगायचो. फूल कुठलं घालतात? मोगरा. दिवा? तोही. माझं खोटं वाढत गेलं, त्याला फांद्या फुटल्या. त्या घरातल्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, असंही एकदा मी सांगून बसलो. आई ऐकून घ्यायची, मान हलवायची. तिला समाधान मिळतंय अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. खोटं बोलणाऱ्याला दुसऱ्याचं समाधान फार लवकर दिसतं.

पुढे तिचे गुडघे गेले, नजर मंदावली. एका रविवारी दुपारी ती पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. खाडीवरून येणारा उजेड तिच्या एका गालावर पडला होता. मी तिच्याकडे बघत होतो, आणि एकाएकी मला भीती वाटली की हिचाही चेहरा मी विसरेन. मी आतून पाटी, कागद आणि पेन्सिल घेऊन आलो. त्या दिवशी मला काहीही आधुनिक करायचं नव्हतं. तिच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या, नाकाचा वाकडा शेंडा, कानाच्या पाळीचं ओघळलेलं भोक, सगळं जसंच्या तसं काढायचं होतं. कित्येक वर्षांत हात इतका शिवशिवला नव्हता.

"आये, जरा हयसर बघ," मी म्हटलं. "तुझा तोंड काढतंय. डोळे, नाक, सगळा. आणि खाली तुझा नाव लिवतंय."

तिचे हात सुपात थांबले. पेन्सिलचा आवाज ऐकून तिने पदर कपाळावरून पुढे ओढला, हनुवटीपर्यंत ओढला, आणि आतून बोलली. आवाजात राग नव्हता.

"तेंका थंय कोण फूल घालणा नाय, ता माका ठावक आसा. तू सांगताना कधी माझ्याकडे बघणंस नाय."

मी पेन्सिल पाटीवर ठेवली.

"माझा काढू नको रे," ती म्हणाली. "तुझ्या हातात गेललो माणूस परत येणा नाय. माका हंयच रवांदे."